गामे थंडच प्यायची: बोजोलेच्या तीन बाटल्या आणि एक दुपार

रेड वाइनच्या बाटल्या तीन होत्या आणि तिन्हींतलं द्राक्ष एकच, गामे. एक बोजोले-व्हिलाज २०२२ सालची, एक फ्लरी २०२१ ची आणि एक मोर्गों २०२० ची. जागा फ्रान्समधल्या लियों शहरातलं एक स्वयंपाकघर, जूनची दुपार, खोलीत २७ अंश. बोजोलेचा पट्टा लियोंच्या उत्तरेला सुरू होतो आणि माकों गावाच्या आसपास संपतो, म्हणून जेवणही लियोंचंच ठेवलं. शेवटी आपल्याकडचे दोन-तीन पदार्थ त्याच वाइनसमोर मांडून पाहिले.

तापमानाचं आधी सांगतो, कारण हलक्या रेड वाइनचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला पडला तेव्हा फ्रान्समधल्या जेवणघरात १६ ते १८ अंश असायचे. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीचं तापमान ३२ असतं आणि लियोंतही जूनमध्ये २७. या तापमानाला कुठलीही वाइन प्याली तरी आधी नाकात अल्कोहोल शिरतं, फळाचा वास मागे राहतो. थंडाव्याने उलटं होतं: अल्कोहोलचा भपका दबतो, आंबटपणा आणि तुरटपणा पुढे येतो. म्हणूनच बोर्दोची जड रेड किंवा नाशिकची जड शिराझ फार थंड केली की जिभेवर कोरड पडल्यासारखी तुरट लागते. गामेची साल पातळ, तिच्यात टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट अंश, कमी, त्यामुळे तिला थंड केल्याने तुरटीचा त्रास होत नाही आणि फायदा सगळा मिळतो. व्हिलाज १२ अंशांवर, फ्लरी १३ वर आणि मोर्गों १५ वर प्यायची, असं ठरवलं.

अंदाजावर न राहता स्वयंपाकात वापरतात तो सुईसारखा थर्मामीटर घेतला. फ्रिजमधून काढलेली बाटली ६ अंशांवर होती. टेबलावर ठेवून २० मिनिटांनी ९, तर ४० मिनिटांनी १२. पेल्यात ओतलेली वाइन मात्र फार लवकर तापते. थोडीशीच असल्याने दोन-तीन मिनिटांत एक अंश चढतो. म्हणून पेल्यात पडताना वाइन हवी त्यापेक्षा एक-दोन अंश थंडच असावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवायला विसरलात तर अर्धी बादली बर्फ, अर्धी पाणी आणि मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत बुडवून साधारण १५ मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात, मधे हवा राहते आणि बाटली गार व्हायला दुप्पट वेळ लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्यापेक्षा बादली बरी.

पेला ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता. चाखण्यासाठी १९७७ सालापासून जो प्रमाण पेला ठरलेला आहे तो साधारण २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात फक्त ५० मिलिलिटर ओततात. उरलेली जागा वासासाठी. पेला काठोकाठ भरला तर फिरवता येत नाही, आणि फिरवला नाही तर वास वर येत नाही. धुतलेला पेला कपाटात उलटा ठेवला असेल तर त्यात लाकडाचा, कोंदट वास साठतो. वाइन ओतण्याआधी रिकामा पेला एकदा हुंगून पाहावा. आमच्या सहा पेल्यांपैकी एकाला डिटर्जंटचा वास येत होता. तो नुसत्या गरम पाण्याने दोनदा खळबळून घेतल्यावर गेला.

सुरुवात हलकीपासून. व्हिलाज ओतली, पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला. रंग डाळिंबाच्या ताज्या रसाचा, कडेला किंचित जांभळी छटा, आणि वाइनमधून कागदावरची छापील अक्षरं वाचता येत होती. गामे ओळखायची ही सोपी खूण आहे. कडेला विटकरी झाक दिसली तर वाइन वयाने मोठी किंवा हवेने खराब झालेली. जांभळी झाक असेल तर ती तरुण.

वास दोनदा घ्यायचा. पहिल्यांदा पेला न हलवता. व्हिलाजमध्ये पहिल्याच दमात रासबेरी, पिकलेली चेरी, आणि त्यामागे पिकल्या वेलची केळ्याचा हलका वास. केळं द्राक्षातून आलेलं नसतं, ते करण्याच्या पद्धतीतून येतं. बोजोलेत द्राक्षं चिरडत नाहीत, पूर्ण घडच्या घड बंद टाकीत भरतात. तळातली द्राक्षं वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो. वरची अख्खी द्राक्षं प्राणवायूविना त्या वायूत राहतात आणि सालीच्या आतच त्यांच्यात थोडं अल्कोहोल तयार होतं, साधारण दोन टक्क्यांपर्यंत. त्याचबरोबर द्राक्षातलं आंबट मॅलिक आम्ल कमी होतं. मग द्राक्ष फुटतं आणि पुढचं आंबणं नेहमीसारखं चालतं. या प्रकारात साल फार वेळ अल्कोहोलात भिजत नाही, म्हणून तुरटपणा कमी उतरतो, आणि केळ्याचा, बबलगमसारखा वास देणारी रसायनं जास्त बनतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी ‘बोजोले नूव्हो’ जगभर निघते तिच्यात टाकीतला काळ चार-पाच दिवसांचाच, त्यामुळे केळं तिथे ठळक असतं. क्रूच्या, म्हणजे बोजोलेतल्या निवडक पट्ट्यांच्या, वाइनला दहा दिवस किंवा जास्त देतात, तिथे ते मागे पडतं. नूव्होवरून सगळ्या बोजोलेला ‘सरबत’ म्हणणाऱ्यांनी फ्लरी चाखलेली नसते, असं माझं ठाम मत आहे.

आता तोंडात. साधारण १५ मिलिलिटरचा घोट, तो गिळायचा नाही, दहा सेकंद तोंडात फिरवायचा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढायची. हे नवख्याला अवघड वाटतं, पाण्यावर दोन-तीनदा करून पाहावं म्हणजे ठसका लागत नाही. लक्ष तीन जागी ठेवायचं. जिभेच्या खालून लाळ किती सुटते त्यावरून आंबटपणा कळतो. हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू किती खरबरीत होते त्यावरून टॅनिन कळतं; कोरा कडक चहा प्यायल्यावर जे होतं तेच हे. आणि घशाशी ऊब कितपत जाणवते ते अल्कोहोल. व्हिलाजमध्ये लाळ भरभरून सुटली, हिरड्या गुळगुळीतच राहिल्या, घशात जवळपास काही नाही. थुंकून टाकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजायचं. फ्रेंचमध्ये या सेकंदाला कोदाली म्हणतात. व्हिलाज चार कोदालीत संपली. तिच्या किमतीच्या मानाने हे ठीकच आहे.

फ्लरी उघडली आणि काम थांबलं. पहिला वास उकडलेल्या अंड्याचा, नुकत्याच विझवलेल्या काडीचा. बाटली खराब असं समजून बहुतेक लोक इथे ती बाजूला ठेवतात. पण हा बुरशी लागलेल्या बुचाचा वास नव्हता. बूच बिघडलेली वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखी, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखी वास मारते आणि हवा लागल्यावर तो वास वाढतच जातो. अंड्याचा वास गंधकाच्या संयुगांचा. हवेला न आलेल्या वाइनमध्ये तो साठतो आणि हवा लागल्यावर बहुधा उडून जातो. वाइन काचेच्या रुंद भांड्यात उंचावरून ओतली, भांडं दहा वेळा जोरात फिरवलं आणि पंधरा मिनिटं ठेवून दिली. खात्री करायची असेल तर एका पेल्यातल्या थोड्या वाइनमध्ये स्वच्छ घासलेलं तांब्याचं नाणं काही सेकंद फिरवावं; हायड्रोजन सल्फाइड तांब्याशी बांधला जातो आणि वास तिथल्या तिथे गेला तर निदान पक्कं. तो पेला मग टाकून द्यायचा, प्यायचा नाही.

पंधरा मिनिटांनी तीच वाइन ओळखू येईना. व्हायलेटची फुलं, लाल चेरी, मागे जराशी मिरी. फ्लरी हे दहा क्रूंपैकी एक, म्हणजे ज्यांची वाइन पट्ट्याच्या स्वतःच्या नावाने विकली जाते अशा दहांपैकी: सँतामूर, झ्युलिएना, शेना, मुलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. रेन्येला हा दर्जा सगळ्यात शेवटी, १९८८ मध्ये मिळाला. फ्लरीची जमीन गुलाबी ग्रॅनाइटची, हलकी, पाणी न धरणारी. अशा जमिनीवर गामे रसरशीत पण हलकी राहते. १३९५ साली उत्तरेकडच्या बरगंडी प्रांताचा ड्यूक फिलिप याने आपल्या राज्यातली गामे उपटून टाकायचा हुकूम काढला होता. पीक भरपूर, पण वाइन कनिष्ठ असा त्याचा आक्षेप होता. दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ती टिकली आणि तिथेच तिची खरी जागा सापडली. २०२१ हे फ्रान्समध्ये थंड, एप्रिलच्या हिमदवाने मारलेलं वर्ष. त्यामुळे या फ्लरीवर अल्कोहोल साडेबारा टक्के, आंबटपणा टोकदार, आणि नऊ कोदालीपर्यंत रेंगाळणारी चव.

मोर्गों वेगळीच. रंग गडद, अक्षरं धूसर दिसू लागली. चेरीची बी फोडल्यावर येतो तसा कडसर बदामी वास, ओल्या दगडाचा वास आणि हिरड्यांवर खरंच पकड. मोर्गोंच्या कोत द्यु पी टेकडीवरची जमीन कुजलेल्या, भुगा झालेल्या खडकाची आहे. तिथली वाइन काही वर्षांनी बरगंडीच्या वाइनसारखी होऊ लागली की गावकरी चक्क क्रियापद वापरतात, ‘मोर्गोने’, म्हणजे वाइन मोर्गोंपणाला आली. ही बाटली अजून त्या वाटेवर होती.

जेवणातला मुख्य पदार्थ सोसिसों, म्हणजे लियोंचं शिजवायचं जाडजूड डुकराचं सॉसेज, आणि खाली हिरव्या मसुरीची कोशिंबीर. सॉसेज ४०० ग्रॅमचं होतं. थंड पाण्यात टाकून पातेलं मंद आचेवर ठेवलं, पाणी ८० ते ८५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, ३५ मिनिटं. पाणी उकळलं तर वरचं आतडं फुटतं आणि चरबी बाहेर निघून जाते. टोचूनही पाहायचं नाही. पुढे कळेल, ही चरबीच वाइनला लागते. मसूर ल प्यूईची, हिरवी बारीक, जिला फ्रान्समध्ये १९९६ पासून तिच्या गावाच्या नावाचं संरक्षण आहे. २०० ग्रॅमला ६०० मिलिलिटर पाणी, तमालपत्र, एक अख्खा कांदा, २५ मिनिटं. मीठ शेवटच्या पाच मिनिटांत. गरम असतानाच मोहरीचं ड्रेसिंग घालायचं.

पहिली चूक इथेच झाली. ड्रेसिंगला नेहमीच्या प्रमाणात तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर घेतलं होतं. मसुरीचा घास आणि मागून फ्लरीचा घोट: वाइन एकदम सपाट, पाणचट. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की जीभ त्या आंबटपणाशी जुळवून घेते आणि वाइनचा आंबटपणा नाहीसा होतो; गामेमध्ये तोच तर कणा आहे. दुसरा वाडगा पाच भाग तेल आणि अर्धा भाग व्हिनेगर, अर्धा भाग त्याच फ्लरीचा घेऊन केला. आता मसूर आणि वाइन एका रेषेत आली.

सॉसेजची जाड चकती कापली. कडेने चरबी पारदर्शक, मधे गुलाबी मांस, वर पाणी सुटून चकचकणारं. घास चावल्यावर टाळूला चरबीचा पातळ थर बसतो. त्यावर १३ अंशांची फ्लरी घेतली की तो थर एका घोटात धुतला जातो, तोंड पुन्हा कोरं होतं आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. मिठामुळे वाइनमधला उरलासुरला कडवटपणाही दबतो आणि फळ पुढे येतं. मुद्दाम त्याच फ्लरीचा एक पेला २२ अंशांपर्यंत तापू दिला होता. त्याच चकतीबरोबर तो घेतला तर चरबी तोंडातच राहिली, वर अल्कोहोलची ऊब आणि गोडसर जामची चव. वाइन तीच, बाटली तीच, फरक फक्त नऊ अंशांचा. हे एकदा शेजारी-शेजारी करून पाहिलं की थर्मामीटरची गंमत कुणाला सांगावी लागत नाही.

व्हिलाजची जोडी सर्व्हेल द कानूशी सगळ्यात छान जमली. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’. कानू म्हणजे लियोंचे रेशीम विणकर. पदार्थ अगदी साधा: २५० ग्रॅम ताजं मऊ चीज, एक बारीक चिरलेला शॅलट (छोटा, सौम्य कांदा), पाकळीभर लसूण, मूठभर चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), चमचाभर ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा व्हिनेगर, मीठ, मिरी, तासभर फ्रिजमध्ये. आपल्याकडे करताना दह्याचा चक्का चालतो, पण ताज्या गोड दह्याचा आणि चार तासच टांगलेला. आंबट चक्का घेतला तर ड्रेसिंगचीच गोष्ट पुन्हा घडते. पावावर जाड फासून वर थंडगार व्हिलाज. लियोंच्या बुशोंमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या खानावळींत, ही वाइन ‘पो’ नावाच्या जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत येते आणि अशाच खाण्यासोबत रिकामी होते.

न जमलेल्या जोड्याही सांगायला हव्यात. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर तिन्ही वाइन धातूसारख्या, कडू लागल्या. तेलकट मासा म्हणून सार्डिन भाजून घेतले: फ्लरीबरोबर दुसऱ्या घोटाला तोंडात शिळ्या माशाची उग्र चव आली. मासा ताजा होता, दोष त्याचा नव्हता. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमधलं लोह माशाच्या तेलावर काम करतं आणि तो वास तयार होतो. लोहाचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं, म्हणून एखादी रेड माशाबरोबर चालते आणि दुसरी नाही. आपल्या बांगड्याला, तारलीला हाच नियम लागू. त्यांच्याबरोबर रेडचा धोका न पत्करलेला बरा.

आता आपले पदार्थ. तिन्ही वाइनपुढे भरली वांगी, खानदेशी वांग्याचं भरीत आणि गोव्याच्या चोरिसाचं, म्हणजे तिथल्या तिखट-आंबट डुकराच्या सॉसेजचं, कांदा-बटाट्यातलं परतणं ठेवलं. भरल्या वांग्यात नेहमीप्रमाणे गूळ होता आणि त्याने घात केला. पदार्थात गोडवा आला की कोरडी वाइन जास्त आंबट आणि किडकिडीत लागते. तेच वांगं गूळ वगळून, शेंगदाणा-तीळ-खोबऱ्याचं वाटण थोडं जास्त घालून केलं तर व्हिलाजबरोबर व्यवस्थित बसलं. गोडा मसाला आड आला नाही, आड येत होता तो गूळ. कटाच्या आमटीला, चिंच-गुळाच्या कशालाही हेच.

चोरिस दोन कारणांनी कठीण: व्हिनेगर आणि लाल मिरची. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, म्हणून १४ टक्क्यांच्या मोर्गोंबरोबर तोंड पेटलं, साडेबारा टक्क्यांच्या फ्लरीबरोबर, ती ११ अंशांपर्यंत थंड करून, सुसह्य झालं. बटाटा दुप्पट केल्यावर चांगलं झालं. कोल्हापुरी तांबड्या रश्शाच्या तिखटाला यातली एकही बाटली पुरणार नाही, तिथे वाइन वाया घालवू नये.

भरीत मात्र मोर्गोंचं निघालं. वांगं विस्तवावर भाजलेलं, साल काळी होऊन आत धूर मुरलेला, बडग्याने ठेचलेलं, शेंगदाण्याच्या तेलात लसूण, कांद्याची पात आणि हिरवी मिरची, तीही चारऐवजी दोन. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि मोर्गोंतला ओला दगड, बदाम यांचं सूत लगेच जुळलं. वांग्याच्या तेलकट मऊपणाने हिरड्यांवरची पकडही सैल झाली. सोबत कळण्याची भाकरी होती. तिचा किंचित कडवटपणा वाइनला नडला नाही, पण ज्वारीची जास्त बरी लागली. भरतात लिंबू पिळायचं नाही, इतकंच.

जेवण आटोपलं तेव्हा फ्लरी संपली होती. व्हिलाज पाऊण आणि मोर्गों अर्धी उरली. उरलेली वाइन लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे वर हवेला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी व्हिलाज थोडी बसलेली वाटली, तिसऱ्या दिवशी ती कांदा आणि अंड्यांच्या रश्शात गेली. मोर्गों दुसऱ्या दिवशी आदल्यापेक्षा चांगली लागली. बदाम मऊ झाला होता, चेरी पुढे आली होती, आणि उरलेल्या भरताचा एकच चमचा शिल्लक होता.